ब्रह्मावर्ताचा वाडा

सरकारी चाकरीत माणूस ज्या घरात राहतो ते घर त्याच्या पदाचे असते. पद चढत जाते तसा बंगलाही वाढत जातो; खोल्या वाढतात, अंगण वाढते, दाराशी उभे राहणारे वाढतात. पंचवीस-तीस वर्षे असे वाढत्या मापाने राहिल्यावर एके दिवशी निवृत्तीचा कागद हाती येतो आणि माप एकाएकी उलटे फिरते. मुलूख सोडून उत्तरेत आलेल्या आपल्यासारख्यांपुढे तर हा प्रश्न दुहेरी उभा राहतो. घर किती मोठे घ्यावे हा एक, आणि ते कोठे घ्यावे हा दुसरा. पुण्यास की साताऱ्यास, कोकणातल्या वडिलोपार्जित घरात की ज्या लखनौत आयुष्याची उमेद गेली त्या लखनौतच?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने द्यावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण इतिहासाने तो पूर्वी एकदा फार मोठ्या प्रमाणावर मांडला आहे, आणि तोही लखनौपासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी. कानपूरच्या वरच्या अंगाला गंगेच्या काठी बिठूर ऊर्फ ब्रह्मावर्त आहे. तेथील पत्थर घाट अवधचा दिवाण टिकैतराय याने बांधविला, आणि १८०१ मध्ये नबाब सआदत अली खानाने कंपनीस मुलूख तोडून दिला त्यात हा प्रदेश गेला. या गावी शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव याने आपल्या आयुष्याची अखेरची बत्तीस वर्षे काढली. त्याच्या राजकारणाचा निवाडा इतिहासकारांनी पुरेपूर केलेला आहे. त्यात भर घालण्याचे येथे प्रयोजन नाही. एक पेन्शनर म्हणून त्याने घर कसे मांडले, आणि त्याच्यामागे त्या घराचे व घरातल्या माणसांचे काय झाले, एवढेच पाहावयाचे आहे.

३ जून १८१८ रोजी असीरगडानजीक बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. अटी थोडक्यात अशा होत्या: त्याने राज्यावरचा हक्क सोडावा, दक्षिणेत पुन्हा पाऊल टाकू नये, हिंदुस्थानात काशी किंवा दुसऱ्या एखाद्या पवित्र क्षेत्री राहावे, आणि कंपनीने त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालीना आठ लाखांहून कमी नाही इतकी नेमणूक द्यावी. वरिष्ठांना ही रक्कम फार वाटली, तरी माल्कमने शब्द दिला होता म्हणून ती मान्य झाली. ‘त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे सारा तंटा त्यांच्याभोवतीच झाला.

जागेची निवड कंपनीने आपल्या सोयीने केली. काशीस पेशव्यांचा दत्तक भाऊ अमृतराव १८०३ मध्ये ठरलेली सात लाखांची नेमणूक घेऊन राहत होता. त्याच नगरीत आणखी एक पेशवा हजारो माणसांनिशी येऊन बसावा हे कंपनीला रुचणारे नव्हते. ब्रह्मावर्त हे क्षेत्रही होते आणि कानपूरच्या मोठ्या छावणीच्या हाताखालीही होते. पेशव्याला गंगास्नान मिळाले, कंपनीला पहारा मिळाला. १८१९ च्या आरंभी बाजीराव तेथे पोचला. त्याच्यावर देखरेखीस जो अधिकारी नेमला त्याचे नाव जॉन लो. हाच लो पुढे १८३१ ते १८४२ या काळात लखनौच्या रेसिडेन्सीत रेसिडेंट होता. एकाच गृहस्थाने आधी पेशव्याची निवृत्ती सांभाळली आणि मग नबाबांची गादी.

बाजीरावाने मागे काय सोडले हेही पाहिले पाहिजे. शनिवारवाड्यात त्याचे मन रमले नव्हते. त्याने बुधवार पेठेत व शुक्रवार पेठेत वाडे बांधले, आणि १८०७ च्या सुमारास सदाशिव पेठेत विश्रामबागवाडा उभा केला. नाव विश्रामाचे, पण तेव्हा तो राज्यावर होता. खऱ्या विश्रामाची वेळ आली तेव्हा त्याला बागही नव्याने लावावी लागली आणि वाडाही. ब्रह्मावर्ती वाडा उभा राहिला, देवळे झाली, घाट झाले. पुण्यातले दानधर्म, ब्राह्मणभोजने, सणवार, दरबारी मानपान हे सर्व गंगेच्या काठी पुन्हा मांडले गेले. विवाहदेखील होत राहिले. १८३२ मध्ये सरकारने एक विनियम करून त्याच्या जहागिरीच्या हद्दीपुरते दिवाणी व फौजदारी अधिकारही त्याला दिले. राज्य गेले होते, पण राज्याची लहानशी प्रतिकृती राहिली. पुण्याची पेठ उचलून अंतर्वेदीत आणून ठेवावी तसा हा प्रकार झाला.

या प्रतिकृतीला हसणे सोपे आहे. ते न्यायाचे मात्र नाही. पेशव्याबरोबर हजारो माणसे आली होती. त्यांत शिपाई होते, कारकून होते, भिक्षुक होते, आश्रित होते, आणि त्या सर्वांची बायकापोरे होती. यांचे काय करावयाचे? ज्याच्या पायी त्यांनी घरदार सोडले त्याने त्यांना वाऱ्यावर सोडावे, असे कोण म्हणेल? येवल्याचे पांडुरंगराव मुलाबाळांसह तेथे आले. त्यांचा मुलगा पुढे तात्या टोपे म्हणून प्रसिद्ध झाला. काशीस चिमाजीअप्पांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे आपल्या लहान मुलीला घेऊन ब्रह्मावर्तास आले. ती मुलगी म्हणजे झाशीची राणी लक्ष्मीबाई. कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव भट यांचा मुलगा धोंडोपंत याला बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतले, तेच नानासाहेब. इतक्यांना आसरा देणारे घर लहान असणे शक्यच नव्हते. बाजीरावाच्या औदार्याला नाव ठेवण्याचे कारण नाही.

दोष आहे तो हिशेबात. एवढे मोठे घर ज्या उत्पन्नावर उभे होते त्या उत्पन्नाला एकाच माणसाच्या श्वासाचा आधार होता. नेमणूक कुटुंबासाठी आहे असे पेशवा समजत होता. ती पेशव्याच्या हयातीपुरती आहे असे कंपनी समजत होती. बत्तीस वर्षांत हा अर्थ निर्विवादपणे लिहून घेतला गेला नाही. आठ लाखांप्रमाणे अडीच कोटींच्या वर रक्कम ब्रह्मावर्तात आली. पेशव्याने अफगाण युद्धासाठी कंपनीलाच पाच लाखांचे कर्ज दिले, शिखांशी युद्ध झाले तेव्हा स्वार व पायदळ देऊ केले. सरकारशी आपला स्नेह आहे, तेव्हा सरकार आपल्यामागे आपल्या माणसांकडे पाहील, असा त्याचा भरवसा असावा. लिहिलेल्या हक्काच्या जागी स्नेहावर विसंबणे हा मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्या माणसाचा नेहमीचा भ्रम आहे. स्नेह पदाशी असतो. पद गेले की तो दोन पिढ्या टिकत नाही.

२८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला. मागे सुमारे अठ्ठावीस लाखांची मालमत्ता होती. त्यातला मोठा भाग कंपनीच्या रोख्यांत होता, बाकी जडजवाहीर व सोनेनाणे. एखाद्या सामान्य कुटुंबाला ती सात पिढ्या पुरली असती. पण ब्रह्मावर्तावर सालीना आठ लाखांचा खर्च चालत आलेला होता, म्हणजे त्या मापाने ही पुंजी चार वर्षांची सुद्धा नव्हती. नेमणुकीचा काही अंश तरी चालू ठेवावा, अशी शिफारस स्थानिक इंग्रज अधिकाऱ्याने केली. वायव्य प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरने ती नाकारली आणि डलहौसीने नकारावर शिक्का मारला. पेशव्याने तेहतीस वर्षे भरपूर घेतले, त्याने त्यातूनच आपल्या माणसांची तरतूद करावयास हवी होती, असा त्याचा युक्तिवाद होता. नानासाहेबांचा वकील अजीमुल्लाखान हा अर्ज घेऊन लंडनपर्यंत गेला आणि हात हलवीत परत आला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. जुलै १८५७ मध्ये हॅवलॉकच्या फौजेने वाडा जाळला, आणि डिसेंबरात होप ग्रँटच्या सैन्याने उरलेसुरले पाडून विहिरीत दडविलेला खजिना उपसून नेला.

डलहौसीचा युक्तिवाद सत्तेचा होता आणि त्यात करारातील शब्दांकडे सोयीस्कर डोळेझाक होती, यात संशय नाही. परंतु अन्याय दुसऱ्याने केला म्हणून आपल्या हिशेबातली चूक नाहीशी होत नाही. आणि ती टाळण्याचा मार्ग बाजीरावाच्या शेजारी, लखनौतच होता. १८१४ मध्ये नबाब गाजीउद्दीन हैदर याने नेपाळच्या युद्धासाठी कंपनीस एक कोट रुपये शेकडा सहा दराने दिले. मुद्दल परत मागावयाचे नाही. त्याचे व्याज नेमून दिलेल्या व्यक्तींना व पुढे त्यांच्या वारसांना मिळत राहावे, अशी तजवीज झाली. १८२५ मध्ये दुसऱ्या एका कोटीची अशीच व्यवस्था झाली. हाच लखनौचा प्रसिद्ध वसीका. राज्य गेले, कंपनी गेली, इंग्रजही गेले. तरी हुसैनाबादेतील वसीका कचेरीतून नबाबी घराण्यांच्या वंशजांना त्यांचा वाटा स्वातंत्र्यानंतरही मिळत आला. ऐषारामी म्हणून ज्यांची चेष्टा झाली त्या नबाबांनी या बाबतीत पेशव्यापेक्षा अधिक दूरदृष्टी दाखविली, हे कबूल केलेच पाहिजे. अर्थात या व्यवस्थेलाही मर्यादा होती. वाटे पडत पडत कित्येकांच्या हाती चहापाण्यापुरते पैसे उरले. टिकाऊ उत्पन्न मान राखते. ते कोणाला नवा उद्योग देत नाही.

लखनौच्या नबाबांची गोष्ट निघाली की शेवटचा नबाब वाजिद अली शाह याचे नाव येतेच. त्याची निवृत्तीही सक्तीचीच. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा झाले. विशेष हे की, नागपूरचे राज्य बुडविण्यास कलकत्त्याच्या कौन्सिलात ज्याने लेखी विरोध केला होता, त्याच जॉन लोने अवधच्या बाबतीत मात्र खालसा करण्याच्या बाजूने मत दिले. १३ मार्चला वाजिद अली शाहने लखनौ सोडले. नुकताच बांधून पुरा झालेला विशाल कैसरबाग मागे राहिला. विलायतेत दाद मागावी असा बेत होता. त्यासाठी त्याची आई मलिका किश्वर लंडनला गेली आणि १८५८ मध्ये पॅरिसला वारली. नबाब स्वतः कलकत्त्यालाच थांबला. १८५७ चा उठाव होताच त्याला फोर्ट विल्यममध्ये कैदेत ठेवले. १८५९ मध्ये सुटका झाल्यावर त्याने हुगळीच्या काठी मटियाबुर्ज येथे संसार मांडला. नेमणूक सालीना बारा लाखांची.

ब्रह्मावर्तात पुणे उभे राहिले तसे मटियाबुर्जात लखनौ उभे राहिले. कोठ्या झाल्या, इमामबाडे झाले, पशुपक्ष्यांचा मोठा संग्रह झाला. गवई, शायर, नर्तकी, आचारी, पतंगबाज सगळे आले. अब्दुल हलीम शरर या लखनौच्या प्रसिद्ध लेखकाचे बालपण तेथेच गेले. त्याने केलेले त्या वस्तीचे वर्णन वाचताना लखनौच पुन्हा जन्मले असे वाटते. पण १८८७ मध्ये नबाब वारला आणि नेमणूक थांबली. त्याच्या मालमत्तेच्या विल्हेवाटीसाठी सरकारला १८८७ व १८८८ मध्ये खास कायदे करावे लागले. जनावरे विकली गेली, कोठ्या मोडल्या गेल्या, माणसे पांगली. ज्या सिब्तैनाबादच्या इमामबाड्यात नबाबाला मूठमाती मिळाली तो मात्र उरला.

येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. या दोघांनी निवृत्तीत जी घरे बांधली ती बहुतेक नाहीशी झाली, आणि जी घरे ते मागे टाकून गेले ती उपयोगी पडली. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात ऑक्टोबर १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली. तिच्यापासूनच पुढे डेक्कन कॉलेजची परंपरा सुरू होते. कैसरबागेतील परीखान्यात वाजिद अली शाह नृत्यगायन शिकवीत असे. त्याच इमारतीत आज भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली सोडून संगीताला वाहून घेतले, आणि १९२६ मध्ये लखनौत मॅरिस म्युझिक कॉलेज निघाले ते त्यांच्याच खटपटीने. १९२८ पासून श्रीकृष्ण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ते नावारूपास आणले. १९६६ मध्ये त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले. लखनौच्या मराठी माणसाने अभिमान धरावा असे हे घर. वाड्याला काम मिळाले की तो जगतो. नुसता मान सांभाळण्यासाठी ठेवलेला वाडा धन्याबरोबर जातो.

हे सर्व राजेरजवाड्यांचे झाले. मासिक पगारावर घर चालविणाऱ्यांना त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. त्यांच्यासाठी पेशवाईतलेच, पण कचेरीतल्या माणसाचे उदाहरण आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्याचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादाला दोषी ठरविले, आणि त्याच्या राज्यात राहणे नको म्हणून पुणे सोडून ते वाईजवळच्या पांडववाडीस जाऊन राहिले. पुढे कारभाऱ्यांच्या आग्रहावरून ते परत आले ही गोष्ट वेगळी. आपल्याला पाहावयाचे ते एवढेच की, मराठी राज्यातल्या सर्वांत मोठ्या न्यायासनावरून उठून एका खेड्यात जाताना त्यांना काही मोडावे लागले नाही. त्या दिवसाच्या गरजेहून अधिक घरात ठेवावयाचे नाही, असा शास्त्रीबुवांचा नियम असल्याचे ग्रँट डफने नमूद केले आहे. त्यांनी पुण्यात राहतानाच पांडववाडीच्या मापाने संसार केला होता. म्हणून सत्य बोलण्याची वेळ आली तेव्हा घराची अडचण आड आली नाही.

आपल्या प्रश्नाचा गाभा मला येथे दिसतो. निवृत्तीचे घर निवडताना आपण खोल्या मोजतो. पहिला हिशेब माणसांचा करावा. आपल्यामागे या घरात कोण राहणार, आणि कशाच्या बळावर? बाजीरावाच्या विधवांना व मुलींना जो प्रश्न १८५१ मध्ये पडला तो आपल्या कचेऱ्यांतील कित्येक घरांनाही पुढे शंभर वर्षे पडत होता. नोकराची पेन्शन त्याच्याबरोबर संपावी आणि बायकोने दिराच्या किंवा भावाच्या दारी जावे, असे सर्रास घडे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी कुटुंब निवृत्तिवेतनाची उदार योजना आली ती १ जानेवारी १९६४ पासून. ‘त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या’ या शब्दांना एवढ्या उशिरा अर्थ लाभला. आजही कोणाची नेमणूक कोणत्या नियमाखाली येते यात मोठा भेद आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत लागलेल्यांचा हिशेब निराळा आहे. घराचा आराखडा काढण्यापूर्वी हा कागद पत्नीसह बसून वाचावा. नामनिर्देशन कोणाचे, घर कोणाच्या नावावर, एकट्या बाईला ते घर चालविता येईल की नाही, जिना तिला चढवेल की नाही, औषधपाण्याला हाक मारता येईल असे शेजारी कोण: या प्रश्नांची उत्तरे मिळाली की खोल्यांची संख्या आपोआप ठरते.

दुसरा हिशेब मानाचा. निवृत्त माणूस नव्या घरात लाकडी खोक्यांतून सामान नेतो, त्याबरोबर नकळत पदही नेतो. मोठा दिवाणखाना हवा, कारण लोक येतील. पाहुण्यांची खोली हवी, कारण हाताखालचे भेटीस येतील. दोन वर्षांत येणारे कमी होतात आणि दिवाणखान्याची झाडलोट तेवढी उरते. कैसरबाग मटियाबुर्जात मावत नाही, आणि मावला तरी तो पुढे चालवील असा वारस नसतो.

तिसरा हिशेब जागेचा. तो सर्वांत अवघड. बाजीरावाला दक्षिण बंद होती, आपल्याला ती खुली आहे. तरी चाळीस वर्षांनी परतणाऱ्याला गाव ओळखत नाही हाही अनुभव जुना आहे. ब्रह्मावर्ताकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. वाडा गेला, नेमणूक गेली, पण पेशव्यांबरोबर आलेली काही मराठी घराणी पिढ्यान्पिढ्या तेथेच राहिली. त्यांनी पुणे पुन्हा उभारण्याचा हट्ट धरला नाही. गावच्या भाषेत मिसळून आपली देवपूजा, आपले सणवार लहान घरांतून सांभाळले. राजाला जे साधले नाही ते त्याच्या आश्रितांना साधले, याचे कारण त्यांची घरे पहिल्यापासून त्यांच्या मापाची होती.

म्हणून लखनौस राहावे की मुलखास जावे, याला एकच उत्तर नाही. जेथे आपल्यामागे आपले माणूस निर्धास्त राहील आणि आपल्या हातून अजून काही शिकविणे, वाचणे, कोणाच्या उपयोगी पडणे घडेल, ती जागा योग्य. मग ती गोमतीकाठी असो की कृष्णाकाठी. घराचे माप मात्र निवृत्तीच्या दिवशी घ्यावयास बसू नये. रामशास्त्र्यांनी ते पदावर असतानाच घेऊन ठेवले होते. आपल्या हातीही अजून बंगला आहे, तोवरच ते घेणे बरे.